बोयानाबाईंचा कान

"मेतोदी, थांबव ती पेटी. सूर चढलाय तिचा."

बोयानाबाई दार न ठोठावता माझ्या वर्गात शिरल्या होत्या. माझ्यासमोर तीन पोरे मांडीवर अकॉर्डियन घेऊन बसली होती, ती तोंड लपवून हसू लागली. माझ्या अकॉर्डियनला बाई पेटीच म्हणत. लग्नात वाजणाऱ्या वाद्याला त्यांच्या लेखी दुसरे नाव नव्हते.

"बाई, ही कशी चढेल? आत पोलादाच्या पट्ट्या आहेत. कारखान्यातून येतात तशाच मरेपर्यंत वाजतात."

"मग कारखानाच चढा असेल. खाली माझ्या वर्गात सगळं ऐकू येतं. पोरांचे कान नासतात."

"खिडकी लावून घ्या की."

"तूच का नाही लावत? तसंही लोकांना ऐकवण्यासारखं काही चाललेलं नाही इथे."

एवढे बोलून त्या जिना उतरून गेल्या. मला राग वगैरे आला नाही. बोयानाबाईंनी चढे म्हटले म्हणजे चढे, असे आमच्या संगीतशाळेत सगळेच धरून चालत. माझा कान लग्नांत तयार झालेला. दोन सूर एकमेकांशी जुळले की मी खूश. त्यांची नावे विचारत बसत नाही.

डॅन्यूबकाठच्या आमच्या गावात प्रत्येकाचा काही ना काही लौकिक असतो. कुणाची घरची दारू, राकिया, नावाजलेली, कुणाची जीभ. बोयानाबाईंचा कान नावाजलेला होता. चर्चसाठी नवी घंटा आली तेव्हा ती वर चढवण्याआधी पाद्र्याने बाईंना बोलावणे धाडले. बाईंनी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केले आणि सूर सांगितला. घंटा ओतणाऱ्यांना विचारले तर तेही तेच म्हणाले. त्या वेळी बाई चाळिशीच्या होत्या. राजधानी सोफियाच्या संगीत अकादमीत पहिल्या आलेल्या, पण आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आल्या आणि इथल्याच होऊन बसल्या. लग्न केले नाही. नावावर होते काय, तर हा कान. त्याचा त्यांना माज होता, आणि खरे सांगायचे तर तो त्यांना शोभतही असे.

त्या शिकवत ते सूर ओळखायला. आमच्याकडे सुरांची नावे दो, रे, मी, फा, सोल, ला, सी; कुठलाही अर्ध्याने खाली आला की तो बेमोल. आणि दो म्हणजे एकच दो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो इकडेतिकडे सरकत नाही. गावाच्या वेशीसारखा तो एका जागी असतो आणि बाकीचे सूर त्याच्या पुढेमागे. सहा-सात वर्षांची पोरे बाई भिंतीकडे तोंड करून उभी करत आणि मागे पियानोची एक पट्टी दाबत. पोराने नाव सांगायचे. चुकले तर बाई ओरडत नसत. पुन्हा तीच पट्टी, पुन्हा तीच.

"आई दारामागून खोकली तरी ओळखतोस ना? तिचं नाव कुणाला विचारतोस का? हेही तसंच. नुसतं ऐक."

बहुतेक पोरे शेवटी अंदाजाने मागच्या सुरावरून पुढचा गाठायची, आणि तेवढ्याने भागते. पण एखाद्याच्या कानात मात्र कोवळ्या वयात सूर नावासकट बसतो, आणि बसला की जन्मभर हलत नाही. असे मूल बाईंना कित्येक वर्षांत मिळाले नव्हते. मग इस्क्रा आली.

पण त्याआधी पियानोचे सांगायला हवे. बाईंच्या वर्गातला पियानो दर वसंतात कोल्योकाका येऊन लावून जायचा. हा कोल्योकाका गावातला एकमेव पियानो लावणारा; सायकलला पिशवी अडकवून हिंडे, पिशवीत किल्ली, फेल्टचे तुकडे आणि आपटला की नेमका ला देणारा एक नादकाटा. बाई साठीकडे झुकल्या तशी त्यांची कुरकुर सुरू झाली: काका, पियानो चढा लावलात. काका थोडा उतरवून देई. इस्क्रा शाळेत आली त्या वर्षी मात्र बाई हट्टालाच पेटल्या. पुढचे सगळे मला काकानेच सांगितले, पण ते फार नंतर, व्हायचे ते होऊन गेल्यावर.

काकाने म्हणे आधी पियानो काट्यावर लावला, मग नादकाटा गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानापाशी धरला. "बाईसाहेब, हा बघा ला. आणि हा पियानोचा ला. एकच आहेत."

"दोन्ही चढे आहेत. अर्ध्या सुराने."

"काटा कसा चढेल हो? लोखंड आहे."

"किती वर्षं आपटताय गुडघ्यावर? बिघडला असेल. फेकून द्या. माझ्या कानावर लावा."

"सगळाच्या सगळा अर्धा सूर? तारा ढिल्या पडतील, आवाज मरेल."

"मेलेला चालेल. खोटा नको."

काका दोन दिवस राबला आणि पियानो अर्ध्या सुराने खाली आला. बाईंनी पट्ट्या वाजवून पाहिल्या, समाधानाने मान हलवली, आणि काकाला बायको देते त्यापेक्षा चांगला, चीज भरलेला बनित्सा खाऊ घातला.

इस्क्रा त्या वर्षी सहाची होती. डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात मिरच्या भाजणाऱ्या देनित्साची मुलगी, बाप कधीचा परागंदा. घरी पियानो असण्याचा प्रश्नच नव्हता. आईची पाळी संपेपर्यंत पोरगी बाईंच्या वर्गात बसे, भूक लागली की पावावर मिरच्या-टोमॅटोची ल्युतेनित्सा फासून खाई आणि त्याच एका पियानोवर वाजवी. थोड्याच महिन्यांत ती भिंतीकडे तोंड करून, एका वेळी चार पट्ट्या दाबल्या तरी चारही नावे सांगू लागली. बाई मला बोलवायला स्वतः वर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्या वर्गात माझा पाणउतारा करण्यावाचून दुसऱ्या कामासाठी आल्या होत्या.

"खाली ये. पण पेटी ठेवून ये."

पोरीने माझ्यादेखत एकही सूर चुकवला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते त्या पुसतही नव्हत्या.

त्यानंतर दोघींचे एक वेगळेच जग झाले. इस्क्रा येऊन सांगे, "बाई, काल रेडिओवर लागलं होतं ते सगळं चढं होतं."

"असणारच. आजकाल सगळे चढंच वाजवतात. चमकदार वाटतं ना लोकांना."

"सभागृहातला पियानोपण चढा आहे."

"त्याला तर कुणी वालीच नाही."

"आणि मेतोदीसरांची पेटी?"

"तिचं नाव काढू नकोस."

दोघी खूप हसत. मीही हसे. अख्खे जग चढे आणि या दोघीच खऱ्या, हे तेव्हा आम्हा सगळ्यांनाच कौतुकाचे वाटत होते. त्या पोरीचा कान बाईंच्या कानाची नक्कल आहे, आणि बाईंचा कानच जागचा हलला आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

इस्क्रा अकराची झाली तेव्हा बाईंनी तिला सोफियाच्या मोठ्या संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचे ठरवले. देनित्सा एका संध्याकाळी कामावरून तशीच, भाजलेल्या मिरच्यांचा वास अंगावर घेऊन शाळेत आली.

"बाई, खरं सांगा. होईल का तिचं?"

"तिचं नाही झालं तर कुणाचं होणार?"

"नाही, म्हणजे मला नक्की कळायला हवं. कारखाना सप्टेंबरनंतर बंद होतोय. बहीण स्पेनला बोलावतेय, हरितगृहात काम आहे. तिथं पोरीला नेऊन करू काय? तुमच्या त्या शाळेत वसतिगृह आहे म्हणतात. ती तिथं राहिली, शिकली, तर मी एकटी जाईन नि कमावून पाठवीन. नाही झालं तर तिला बरोबर न्यावं लागेल. तिथं पियानोबियानो काही नाही, टोमॅटो आहेत."

"टोमॅटो तू तोड. ही सोफियाला जाईल," बाई म्हणाल्या.

देनित्सा खाली वाकून बाईंच्या हाताचे चुंबन घ्यायला गेली, तर बाईंनी हात मागे ओढून तिलाच दटावले.

परीक्षेला आम्ही माझ्या जुनाट गाडीतून गेलो. मागे मायलेकी, पुढे माझ्याशेजारी बाई. रस्ताभर बाई मागे वळून वळून सूचना देत होत्या.

"तिथले पियानो चढे असतील. घाबरायचं नाही."

"हो बाई."

"परीक्षक काहीही म्हणोत. माणसं चुकतात. तू कुणाचं ऐकायचं?"

"कानाचं."

"शाब्बास."

परीक्षेचा मुख्य भाग म्हणजे सुरांचे श्रुतलेखन. परीक्षक सूर कुठला ते जाहीर करतात, एक चाल वाजवतात, मुलांनी ती ऐकून कागदावर उतरवायची. आम्ही खोलीबाहेरच्या लांबलचक बोळात बाकांवर बसलो. पोरांचे आईबाप पाण्याच्या बाटल्या कुरवाळत होते. आतून आवाज आला, "रे मेजर." मग पियानो वाजला.

बोयानाबाईंनी कपाळाला आठी घातली. "हा रे नाही. हा मी बेमोल आहे. अर्धा सूर वर. काय चाललंय यांचं?"

पियानो मध्येच थांबला. आत कुणीतरी बारीक आवाजात काही बोलले. थोडी कुजबुज झाली, काही मुले हसली. मग पुन्हा पियानो. नंतर दार उघडले आणि एक तरुण परीक्षक बाहेर आली, केस आखूड कापलेली, चेहरा गोंधळलेला.

"इस्क्रा नावाची मुलगी कुणाबरोबर आलीये?"

आम्ही तिघेही उभे राहिलो.

"ती हात वर करून म्हणाली, हा रे नाही, हा मी बेमोल आहे. मी म्हटलं, बाळ, रेच आहे. ती म्हणाली, तुमचा पियानो चुकलाय. आणि सगळं अर्धा सूर वर लिहून दिलंय. एकूण एक सूर."

"बरोबर लिहिलंय तिनं," बोयानाबाई म्हणाल्या. "मीसुद्धा इथे बसून तेच ऐकलं. पियानो लावून घ्या तुमचा."

परीक्षक त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसले ते मला आवडले नाही, कारण तो राग नव्हता.

"बाई, तुम्ही शिकवलंत का तिला?"

"सहा वर्षांची असल्यापासून."

"आणि तुमचा कानही असाच आहे? जन्मापासून, नावानिशी ऐकणारा?"

"हो."

तिने खिशातून नादकाटा काढून दाराच्या चौकटीवर आपटला. बोळात एक बारीक आवाज घुमला. "हा काय?"

"सी बेमोल."

"हा ला आहे, बाई." ती हळू आवाजात बोलत होती, पण बोळ अगदी शांत झाला होता आणि सगळ्यांना सगळे ऐकू जात होते. "पन्नाशी उलटली की होतं असं. माझ्या गुरूंचंही झालं होतं. कान वर सरकतो. हळूहळू सरकतो, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. जग चढं झालंय असंच वाटतं."

बाईंनी शेजारच्या बाकावरच्या एका मुलाला, ज्याची पाळी यायची होती, विचारले, "तू सांग रे. आत्ता वाजलं ते काय होतं?"

मुलगा आईकडे बघून म्हणाला, "ला."

"आणि तू?" त्यांनी पलीकडच्या मुलीला विचारले.

"ला."

बाई बाकावर बसल्या. परीक्षक बिचारी चांगली होती. तिने आत जाऊन इस्क्राला आणखी एक संधी दिली. दुसरी चाल वाजवते, म्हणाली, तुला ऐकू येईल त्याच्या अर्धा सूर खाली लिही, जमेल ना? बोलायला सोपे आहे. मी अकराव्या वर्षी ते करू शकलो असतो, कारण मला सुरांची नावे ऐकूच येत नाहीत. त्या पोरीला प्रत्येक सूर स्वतःचे नाव ओरडून सांगत होता आणि तिने प्रत्येकाला खोटे पाडून दुसरेच नाव लिहायचे होते. दाराच्या फटीतून मला ती दिसत होती. चार-पाच सूर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मग पेन्सिल टाकून ती हमसून रडू लागली.

परतीच्या वाटेवर प्लेवेन शहर मागे पडल्यावर देनित्सा म्हणाली, "मला एकच सांगा. हे दुरुस्त होतं का?"

बाईंनी पुढच्या काचेतून नजर हलवली नाही. "पियानो होईल."

"मी पियानोचं विचारलं नाही."

मग देनित्साचा तोल सुटला. "माझ्या पोरीला तुम्ही सांगितलंत, कुणाचं ऐकू नकोस. एवढ्या मोठ्या माणसांपुढे तिनं उभं राहून सांगितलं, तुम्ही चुकताय. पोरं हसली तिला. तुमच्यामुळे हसली! तुमचा कान चुकला तर तुम्ही मरा ना त्याच्याबरोबर, माझी पोर कशाला ओढलीत?"

"आई, गप्प बस ना," इस्क्रा म्हणाली.

मी गाडी चालवत होतो, म्हणून मला काही बोलावे लागले नाही.

दुसऱ्याच दिवशी मी कोल्योकाकाला गाठले. तो हॉटेलाबाहेर सायकल टेकवून बसला होता, आणि तेव्हाच त्याने मला पियानो उतरवल्याचे ते सगळे सांगितले. मी म्हणालो, "तुला माहीत होतं तर कुणाला बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? बोयानाबाईंचा कान चुकला म्हणून? गावानं मला वेड्यात काढलं असतं. तू काय म्हणाला असतास?"

मी त्याच्यासाठी एक राकिया मागवली आणि उठून गेलो.

पियानो पुन्हा वर चढवताना तीन तारा तुटल्या. त्या दिवशी बाई वर्गाबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. काम झाल्यावर इस्क्रा आली. कशाला आली कोण जाणे. सवयीने आली असेल. तिने उभ्या उभ्याच एक पट्टी दाबली, मग दुसरी, आणि हात काढून घेतला.

"बाई, हे आता बरोबर आहे?"

"हो."

"मला चुकीचं ऐकू येतंय."

"मलाही."

"मग तुम्ही बरोबर का म्हणता?"

बाई म्हणाल्या, "कारण ते बरोबर आहे, इस्क्रा."

एकेक पट्टी डोळ्यांनी नीट पाहून इस्क्राने आपल्या आवडीचा एक तुकडा सुरू केला, पण बोटे एक सांगत होती आणि कान दुसरेच. चौथ्या ओळीत ती अडखळली आणि थांबली. पाच वर्षांत तो तुकडा तिने एकदाही चुकवला नव्हता. झाकण लावून ती निघून गेली आणि त्यानंतर शाळेत आली नाही. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. देनित्साने दारातूनच परत पाठवला.

कारखाना ठरल्याप्रमाणे बंद झाला. ऑक्टोबरात मायलेकी निघाल्या. स्पेनची बस आमच्या स्टँडवरून सकाळी सुटते. निम्मे गाव कुणाला ना कुणाला पोचवायला तिथे उभे असते. मी माझ्या भाच्याला सोडायला गेलो होतो. बोयानाबाई तिथे दिसल्या तेव्हा मला धक्का बसला. त्या खांबापाशी, लोकांच्या मागे उभ्या होत्या, नेहमीचा करडा कोट, हातात काही नाही.

"जवळ जाऊन भेटा तरी," मी म्हणालो.

"देनित्साला आवडणार नाही."

"पोरीला आवडेल."

"नाही रे. ते तुला कळायचं नाही."

देनित्साने आम्हाला पाहिले आणि पाठ फिरवून बॅगा बसच्या पोटात ढकलू लागली. इस्क्रा खिडकीपाशी जाऊन बसली. तिनेही बाईंना पाहिले. हात वगैरे केला नाही, पण नजरही हलवली नाही, नुसती बघत राहिली. बाई दोन पावले पुढे झाल्या. खिडकी आणि त्यांच्यामध्ये आता फक्त डबे-पिशव्या घेऊन उभी असलेली माणसे होती.

ड्रायव्हरने निघण्याआधी हॉर्न दिला. लांब, कर्कश, छपराखाली घुमणारा. बाईंचे ओठ आपसूक हलले. त्यांनी त्याचे नाव घेतले होते. इतक्या वर्षांची सवय. आणि नाव घेऊन त्या खिडकीकडे बघत राहिल्या, पोर काय सांगते ते ऐकायला बघावे तशा.

इस्क्राने दोन्ही हातांनी कान गच्च झाकून घेतले. हॉर्न थांबला, बस मागे सरकली, वळली, तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

आमच्या शेजारी पोराला कडेवर घेतलेली एक बाई उभी होती. ती बोयानाबाईंना म्हणाली, "केवढ्यानं वाजवतात मेले. त्या पोरीनं कान झाकून घेतले बघा."

"हो," बोयानाबाई म्हणाल्या. "बघितलं मी."